गिझरचा ॲनोड रॉड पार झिजलाय, नवा कोणत्या मापाचा घेऊ?

नमस्कार मंडळी. वाघोलीत राहते, सोसायटीत बोअर आणि टँकरचं मिसळलेलं पाणी. नळांवर पांढरे थर तर आहेतच, आता गिझरही रडायला लागलाय. २५ लिटरचा, भिंतीवरचा उभा, २ किलोवॅटचा, टाकी ग्लासलाइन्ड, म्हणजे आतून काचेचा लेप दिलेली. पाणी तापायला फार वेळ लागतो आणि तापताना आतून तडतड ऐकू येते.

एमसीबी पाडून, पाणी काढून खालची फ्लँज (कॉइल आणि रॉड धरणारं झाकण) उघडली. कॉइल खाराने इतकी माखलेली की तिचे वेढे दिसेनात. बादलीत खपल्या पडल्या आणि थोडा तांबूस गाळही. ॲनोड रॉड, म्हणजे स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी, तिच्या जागी नुसती लोखंडी तार, बुडाशी सुपारीएवढा मॅग्नेशियमचा गोळा शिल्लक. जाडी मोजायची कशाची? आट्यांवर एम६चा (६ मिमीचा) नट बसतो, एवढंच कळलंय.

टेक्निशियन म्हणतो टाकी गेली, नवा गिझर घ्या. अहो, पण गळत तर काहीच नाही! त्याचं ऐकावं का? ॲल्युमिनियमचा रॉड चालेल का? आणि सॉफ्टनर (पाणी मऊ करणारं यंत्र) बसवला तर ही झीज थांबेल का?

जुनापाना:
गळत नसेल तर लगेच भंगारात काढू नका. तांबूस गाळ नळाच्या जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातूनही येतो. बॅटरी मारून आत बघा. लेप उडून गंजाचे खड्डे पडले असतील तर नवा रॉड पुढची झीज कमी करेल, खड्डे काही भरणार नाही.
मापाचं म्हणाल तर तार बहुतेक रॉडभर असते, तिचीच लांबी धरा. जाडी फ्लँजच्या तोंडातून आत जाईल आणि कॉइलला टेकणार नाही इतकी. बसवताना आट्यांना टेफ्लॉन टेप अजिबात गुंडाळू नका. धातूला धातू भिडला नाही तर रॉड नुसता लटकत राहतो, टाकीच गंजते. मल्टिमीटर असेल तर रॉड आणि फ्लँजमध्ये बीप येतो का ते पाहा.

कोथरूडकर:
सॉफ्टनरने कॉइलवरचा खार कमी होईल, रॉड मात्र वाचणार नाही. कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, त्या पाण्यातूनही वीज वाहतेच आणि रॉड झिजतोच. उलट कधी कधी रॉड लवकर संपतो. बोअरच्या पाण्यात ॲल्युमिनियम जास्त टिकतं, पण तळाशी जेलीसारखा गाळ धरतं. मी तरी मॅग्नेशियमच घालीन आणि दरवर्षी हिवाळ्याआधी उघडून बघीन.
कॉइल सुरीने खरवडू नका, तांब्याची नळी फुटते. वायरींची टोकं पाण्याबाहेर ठेवून सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात भिजवा. संडास धुवायचं ॲसिड नको.

(मूळ प्रश्नकर्ती):
दोघांचे आभार. आत बॅटरी मारली, लेप धड दिसतोय. तार २१ सेंमी भरली. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल ना?

जुनापाना:
मिळायला हवा. फक्त फोटो दाखवून घेऊ नका, फ्लँजच पिशवीत घालून न्या. गॅस्केटही (फ्लँजखालची रबरी चकती) तिथेच मापून नवं घ्या, जुनं पुन्हा बसवलं की हमखास पाझरतं. आणि बटण दाबण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येऊ द्या. रिकाम्या टाकीत कॉइल जळते.