स्वस्तातला मॉनिटर घेतलात? मग काय झालं ते सांगा

मी नाशिकला घरून भाषांतराचं काम करते. पाच वर्षं पंधरा इंची लॅपटॉपवर मान खाली घालून काढली आणि शेवटी मानेनंच संप पुकारला. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "पडदा डोळ्यांसमोर आणा, नाहीतर दर आठवड्याला मला भेटा." दोन्हींचा हिशेब मांडला, मॉनिटर स्वस्त पडत होता.

मग तीन आठवडे नुसतं बघण्यात गेले. शेवटी २२ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा (म्हणजे कुठूनही बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा पडदा) साडेसात हजारांना घेतला. चित्र छान आहे, तक्रार नाही. पण खोक्यातून काढल्यावर कळलं की त्याचा स्टँड फक्त पुढे-मागे कलतो, वर-खाली होतच नाही. म्हणजे ज्यासाठी घेतला तेच राहिलं. सध्या मॉनिटर दोन जाडजूड शब्दकोशांवर उभा आहे. एखादा शब्द अडला की आधी मॉनिटर उचलून बाजूला ठेवायचा, मग शब्द शोधायचा.

तर दहा हजारांच्या आतबाहेरचा मॉनिटर ज्यांनी घेतलाय, त्यांनी इथे लिहा. कशासाठी घेतला, कुठे फसलात, काय जमलं. "कोणता घेऊ?" हा प्रश्न मात्र नको, कारण आज सांगितलेलं मॉडेल सहा महिन्यांनी दुकानात नसतं. आणि कंपन्यांची नावं घेऊन शिव्याही नकोत.

*

मिरज, डीटीपी

ताई, माझी चूक तुमच्यापेक्षा महागाची. लग्नपत्रिका, अहवाल, कधीमधी दिवाळी अंक असं काम असतं. दोन वर्षांपूर्वी हौसेनं २७ इंची घेतला, तोही फुल एचडीच. दुकानात भिंतीवर फुलांचा व्हिडिओ चालू होता, त्यावर भाळलो.

घरी आणून मराठी मजकूर उघडला आणि अनुस्वार दिसेनात. दिसत होते, पण आहे की धूळ बसलीय ते कळेना. मग हिशेब लक्षात आला. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, पडदा केवढाही असो. २४ इंचांवर ते एका इंचात साधारण ९२ बसतात, २७ इंचांवर तेच ताणून ८२ च्या आसपास येतात. इंग्रजीला एवढं चालून जातं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षर. दहा पॉइंटचा मजकूर शंभर टक्क्यांवर बघितला तर अनुस्वाराच्या वाट्याला एखाद-दुसरा ठिपका येतो, तोही करडा.

एका पत्रिकेत "चि. सौ. कां." मधला अनुस्वार गेला. मी पाहिलं, माझ्या पोरानं पाहिलं, दोघांनाही तो तिथे आहे असंच वाटलं. छापून आल्यावर मुलीच्या आत्यानं पहिल्या नजरेत पकडला. ३०० पत्रिका पदरच्या पैशांनी पुन्हा छापल्या.

२७ इंची आता मुलाकडे, तो त्यावर क्रिकेट बघतो. मी २३.८ इंची घेतला. या वेळी पेनड्राइव्हमध्ये एक पीडीएफ घेऊन गेलो होतो. त्यात कांक्षिणी, वर्षं, कुऱ्हाड, शृंगार, दुर्वृत्त असे शब्द १०, १२ आणि १४ पॉइंटमध्ये. दुकानदाराला म्हटलं, फुलं बंद करा, हे लावा. तो हसला, पण लावलं.

*

अकोला, संगणकाचं दुकान

हसणारा दुकानदार मी नव्हे, पण आमचीही बाजू ऐका. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, म्हणजे ठिपके, असतात. त्यातला एखादा कायमचा काळा किंवा लाल-हिरवा राहिला तर बहुतेक वॉरंटीत तो दोष धरतच नाहीत. किती असले तर बदलून देणार याचा आकडा बारीक अक्षरात असतो, तो कोणी वाचत नाही. गिऱ्हाईक भांडतं आमच्याशी.

म्हणून मी खोकं गिऱ्हाइकासमोरच उघडतो. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पाच रंग पडदाभर लावून दाखवतो. काळा लावला की दुकानातले दिवे घालवतो. कडेनं उजेड पाझरत असेल तर तेव्हाच दिसतो. आयपीएसमध्ये कोपऱ्यात थोडी झाक असायचीच, त्यावरून मॉनिटर परत करू नका. ऑनलाइन मागवलात तर निदान खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

अवांतर: १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तरीही "बिल नको, कमी करा" म्हणणारे येतातच. बिल नाही तर वॉरंटी कशाच्या जोरावर मागणार, हे त्यांना मी विचारतो. उत्तर येत नाही.

*

सावंतवाडी, पतसंस्थेत नोकरी

आमच्याकडचा अनुभव कोणत्याच दुकानात सांगत नाहीत. पावसाळ्यात संध्याकाळी खोलीतला दिवा बंद आणि मॉनिटर चालू, असं एकदाच केलं. मोहरीएवढा किडा पडद्याच्या आत शिरला. वर नाही, आत! बाजूच्या फटीतून जातात आणि मागच्या उजेडाकडे चालत राहतात.

मी काय केलं, तर बोटानं दाबला. तो तिथेच मेला, बरोबर मधोमध. आता एक्सेलमधल्या एका ओळीत दशांश चिन्ह फुकट मिळतं. साहेबांनी एकदा त्यावरून ताळेबंद परत पाठवला होता.

नंतर एकानं सांगितलं आणि पुढच्या वेळी ते चाललं: मॉनिटर बंद करायचा, शेजारी टेबललॅम्प लावायचा, हात लावायचा नाही. रात्रीत तो आपण होऊन बाहेर गेला.

*

डोंबिवली, दुरुस्ती

पतसंस्थेवाले साहेब, तो किडा काढायला पॅनेलचे थर सोडवावे लागतात. एक किडा काढताना दहा धूलिकण आत जातात. राहू द्या.

मी २००५ पासून हेच करतो. त्या काळचे सतरा इंची, चौकोनीसर, १२८० गुणिले १०२४ वाले पुष्कळ यायचे. तक्रार ठरलेली: "चालू होतो, दोन सेकंद दिसतं, मग काळा." टॉर्च तिरपा मारला की पडद्यावर पुसट चित्र दिसायचं. म्हणजे चित्र आहे, मागचा दिवा विझलाय. उघडलं की पॉवर बोर्डावर दोन-चार कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) डोकं फुगवून बसलेले. भाग पाच-दहा रुपयांचा, त्यावर मॉनिटर पुढे कैक वर्षं चालायचा. त्या दिवसांत माझं घर फुगलेल्या कपॅसिटरांवर चाललं म्हणा ना. घरी उघडून बघणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, प्लग काढला तरी त्या बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देण्याइतका साठा राहतो.

आताचे स्वस्त मॉनिटर वेगळे. बऱ्याच जणांना बाहेर लॅपटॉपसारखा अडॅप्टर असतो. मेलेला मॉनिटर आला की मी आधी दुसरा अडॅप्टर लावून बघतो, कितीतरी तिथेच जागे होतात. व्होल्ट आणि पिन जुळले पाहिजेत, अँपिअर लिहिलेत तेवढे किंवा जास्त. पण पडदा फुटला असेल तर मी हातच लावत नाही. नुसत्या पॅनेलची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळ जाते. आणि निम्मे पडदे फुटतात ते मॉनिटर उचलताना समोरून अंगठा दाबल्यामुळे. ताई, तुम्ही शब्दकोशावरून रोज उचलता म्हणालात, म्हणून लिहितोय. चौकटीला धरून उचला.

*

परभणी, शिक्षक

२०२० च्या टाळेबंदीत मॉनिटर मिळेनात, मिळत होते ते परवडेनात. म्हटलं घरातला ३२ इंची टीव्हीच लावू. तो निघाला "एचडी रेडी", म्हणजे १३६६ गुणिले ७६८. एवढ्या मोठ्या पडद्यावर अक्षर असं दिसायचं की जणू खडूनं लिहून वर डस्टर फिरवलंय. चारही कडा कापलेल्या, खालची पट्टी अर्धी गायब. लाल अक्षरं तर पसरलेली, आणि मी तपासणी लालनंच करायचो.

महिन्यानं भाच्यानं रिमोट घेतला, मेनूत, संगणकाची केबल ज्या एचडीएमआय खोबणीत होती तिचं नाव "पीसी" असं बदललं आणि कडा जागेवर आल्या, लालही बरंच सुधारलं. ठिपके मात्र तेवढेच. पहिली ते चौथीला ठीक होतं, मोठं अक्षर. स्वतःच्या कामाला नंतर १९ इंची साधा घेतला. कमी इंचांत जास्त स्पष्ट दिसतं हे घरच्यांना अजून पटलेलं नाही.

*

पुणे, विद्यार्थी

मूळ प्रश्नावर येतो. वर-खाली होणारा स्टँड हवा असेल तर ऑफिसांतून निघालेले जुने मॉनिटर बघा. मी २२ इंची २,८०० ला घेतला. स्टँड असा की वर जातो, खाली येतो, वळतो, उभा फिरतो. नव्यात एवढ्याचे पैसे वेगळे पडतात.

फसलो ते केबलमध्ये. केबल लावायला मॉनिटरला व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्टची खोबण, माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआयची. तपकीर गल्लीत जाऊन दोन टोकांना दोन तोंडं असलेली केबल आणली, २५० रुपये. काही दिसेना. ती केबल एकाच दिशेनं चालते: संगणकाला डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला एचडीएमआय. उलट करायचं तर वीज लागणारा कन्व्हर्टर लागतो, तो हजाराच्या पुढे. शेवटी स्वस्तातला व्हीजीए कन्व्हर्टर लावला. अक्षरांना सावली पडायची, मॉनिटरवरचं "ऑटो" बटण दाबलं की जाते. रोज सकाळी एकदा दाबतो.

*

कोल्हापूर, लग्नाचे फोटो

थोडक्यात लिहितो, सीझन चालू आहे. पहिला मॉनिटर टीएन नावाच्या स्वस्त प्रकारच्या पॅनेलचा होता. खुर्ची जरा खाली केली की नवरीची हळद हिरवट आणि शालू काळपट. मान वर केली की सगळं ठीक. खरा रंग कोणता, हे माझ्या उंचीवर ठरायचं! आयपीएस घेतल्यावर ते थांबलं.

पण दुसरं दुखणं सुरू झालं. लॅबमधून अल्बम काळवंडून यायला लागले. लॅबवाल्याशी भांडलो, आणि चूक माझी निघाली. नवा मॉनिटर कारखान्यातून बहुधा चढ्या ब्राइटनेसवर येतो, त्या उजेडात फोटो जास्तच उजळ दिसतो म्हणून मी तो गडद करून पाठवत होतो. आता ब्राइटनेस तिसाच्या आसपास ठेवतो. शेजारी एक छापलेला फोटो धरून जुळवला, मशीनबिशीन काही नाही.

*

ठाणे, निवृत्त

वय ७१. नातवानं मॉनिटर आणून दिला. ब्राइटनेस कमी केला की डोळे दुखत, वाढवला की बरे. उलटंच की! मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरल्यावर आडवे पट्टे सरकताना दिसले. काही मॉनिटर उजेड कमी करायला मागचा दिवा भराभर उघड-मीट करतात म्हणे, आणि तो काहींना सोसत नाही. नातवानं तो स्वतःकडे नेला, त्याला काही होत नाही. मला दुसरा दिला, खोक्यावर "फ्लिकर-फ्री" लिहिलेला. कॅमेऱ्यात पट्टे नाहीत. शब्दकोडी सुखानं सोडवतो.

नाशिकच्या बाईंना एक विचारतो, घरात चौरंग नाही का?

*

नाशिक, धागा काढणारी

आजोबा, आहे की! सुचलंच नाही.

भिंतीचा आर्म लावायचाही विचार केला होता. त्यासाठी मॉनिटरच्या मागे ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार भोकं लागतात. माझ्याच्या मागे सपाट प्लास्टिक. घेताना पाठ बघायची असते हे मला कोण सांगणार होतं.

काल माळ्यावरून चौरंग काढला, पुसला, त्यावर मॉनिटर ठेवला. चौकटीला धरून, डोंबिवलीकर. पडद्याची वरची कड बरोबर डोळ्यांच्या रेषेत आली आणि कीबोर्ड खालच्या पोकळीत सरकतो. मिरजेच्या दादांचे शब्दही टाइप करून बघितले: १२ पॉइंटला सगळे स्वच्छ, १० ला "दुर्वृत्त" जरा गचाळ. दादा, ती पीडीएफ मिळाली तर बरं होईल.

शब्दकोश मांडणीवर परत गेले. भाद्रपदात गणपतीला चौरंग लागेल, तेव्हा दहा दिवस पुन्हा खाली येतील.