नाकाबंदीत पोलिसांनी सांगितलं म्हणून मोबाईल उघडून दाखवायचा का?

पाऊलवाट:
गेल्या आठवड्यात रात्री माझ्या भाच्याला नाकाबंदीत अडवलं. लायसन्स, आरसी, पीयूसी सगळं दाखवून झालं, तरी पुढे हुकूम आला, "मोबाईल उघड, व्हॉट्सॲप दाखव." त्यानं मुकाट्यानं दाखवलं. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. निम्म्यांचं म्हणणं, लपवण्यासारखं काही नव्हतं, मग बिघडलं कुठे?

माझ्या मते बिघडलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसानं लायसन्स मागितलं तर ते द्यायचं, हुज्जत घालायची नाही. पण खासगी संदेश वाचण्याचा अधिकार त्या कलमात नाही. 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर मर्यादा येऊ शकते, मात्र त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या मानानं बेताचा हवा. मर्यादा असाव्यातच. पण त्या कायद्यात लिहिलेल्या असाव्यात, समोरच्या माणसाच्या मर्जीवर नकोत.

खाकीच्या घरातला:
ताई, माझे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले. सणावाराला ते कधी घरी नसायचे, त्यामुळे जरा पोटतिडकीनं लिहितोय. गांजाची देवाणघेवाण आज फोनवरच ठरते. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 43 नुसार सबळ संशय असेल तर सार्वजनिक जागी वॉरंटशिवाय झडती घेता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम 172 सांगतं की पोलिसांचे आदेश पाळणं बंधनकारक आहे. घटनेनं दिलेला एकही हक्क अमर्याद नाही, कलम 19 मध्येच वाजवी निर्बंध आहेत. दोन मिनिटं फोन दाखवल्यानं कुणाचं स्वातंत्र्य गेलं?

पाऊलवाट:
तुमच्या वडिलांच्या कष्टांबद्दल आदर आहेच. पण कलम 172 पुन्हा वाचा. तिथे 'कायदेशीर' आदेश असं म्हटलंय, कुठलाही आदेश नव्हे. आणि ज्या एनडीपीएसचा दाखला देताय, त्याच कायद्याचं कलम 50 सांगतं की अंगझडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी अशी मागणी करता येते. हा हक्क आहे हे पोलिसांनी त्या माणसाला सांगितलंच पाहिजे, असं 1999 मध्ये बलदेव सिंग खटल्यात घटनापीठानं ठरवलं. अमली पदार्थांच्या इतक्या कडक कायद्यातही झडतीची रीत लिहून ठेवली आहे. भाच्यावर कसला संशय होता, हे मात्र कुणीच सांगितलं नाही.

निशिगंध:
माझी मुलगी रात्री अकराला कामावरून परतते. नाक्यावर पोलीस दिसले की माझा जीव भांड्यात पडतो. तपासू देत की सगळ्यांना, कडक तपासू देत.

पाऊलवाट:
निशिगंधताई, पोलीस हवेतच, गाड्याही तपासाव्यात. पण 'सगळ्यांना' म्हणजे तुमच्या मुलीलाही. तिच्या फोनमधले फोटो, मैत्रिणींशी बोललेलं, डॉक्टरचे रिपोर्ट अनोळखी माणसानं रस्त्यात उभं राहून चाळलेले तुम्हाला चालतील?

अनघड:
मी फौजदारी वकिली करते. इथे अजून कुणी काढलं नाही, पण लोक नेहमी घटनेचं कलम 20(3) पुढे करतात, की स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. ते संरक्षण आरोपीला आहे. शिवाय 1961 च्या काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने त्यातून वगळले. म्हणून नाक्यावर त्या कलमाचा फार आधार धरू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, "आत्ता दाखवतो, पुढचं कोर्टात बघू" हा हिशेब चुकीचा आहे. झडती बेकायदा होती एवढ्यावरून त्यात सापडलेला पुरावा बाद होत नाही, पूरनमल खटल्यापासून आपल्याकडे हीच भूमिका आहे. एकदा फोन हातात दिलात की नंतर भांडायला फारसं उरत नाही. जे विचारायचं ते तिथेच विचारा, शांतपणे आणि आवाज न चढवता: "साहेब, कोणत्या गुन्ह्याच्या तपासात? कोणत्या कलमाखाली? झडती असेल तर पंचनामा करा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे व्हिडिओ घ्या."

दुचाकीवाला:
मॅडम, मी पार्सल पोचवतो. असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "गाडी बाजूला घे." मग उभे राहा. मागे डब्यात ऑर्डर गार होते, ग्राहक फोनवर फोन करतो, उशीर माझ्या नावावर पडतो. चारचाकीच्या काचा खाली करायला सांगताना जो आवाज असतो तो आमच्याशी बोलताना नसतो. मी फोन उघडून देतो आणि निघतो. मला कायदा कळत नाही असं समजू नका. कळतो, पण तो मागायला परवडत नाही.

खाकीच्या घरातला:
दुचाकीवाले भाऊ, हे चूक आहे आणि मी त्याची बाजू घेणार नाही. मुलीचा फोन असा चाळू नये हेही मान्य. पण पक्की खबर असेल आणि वॉरंटसाठी थांबलं तर माल पुढच्या नाक्यातून निसटतो. तेव्हा वरून बोलणी कोण खातं? नाक्यावरचा शिपाईच. घाईच्या प्रसंगासाठी कायद्यात काही सोय नको का?

अनघड:
सोय आहे. संहितेचं कलम 185 बघा. उशिरानं पुरावा हातचा जाईल असं वाटलं तर वॉरंटशिवाय झडती घेता येते. मात्र आधी कारणं लिहायची, काय शोधतोय तेही शक्य तितकं नमूद करायचं आणि त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. हा अधिकार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला किंवा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा फोन मागणारा नाक्यावरचा शिपाई त्यात बसत नाही.