जुने मोबाईल सोलापुरात नेमके कुठं द्यायचे?

होटगी_रोडकर:
नमस्कार मंडळी, कपाट आवरताना जुन्या मोबाईलची अख्खी पिशवी निघाली. दोन बटणाचे, बाकी टच, त्यातल्या एकाची बॅटरी फुगून मागचं झाकण वर आलंय आणि एक तर चालूच होत नाही. दारावरचा भंगारवाला सगळे घेतो म्हणतोय पण मन होईना, आत घरच्यांचे फोटो, बँकेचे मेसेज सगळं आहे. नीट कुठं देता येतील?

विडी_घरकुल:
भंगारात नका देऊ ओ. तिथनं माल फिरत फिरत पुढं जातो आणि शेवटी कुणीतरी तांब्यासाठी वायरी जाळतं, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडात बुडवतं, बऱ्याचदा उघड्या हातानं, आणि उरलेलं ॲसिड गटारात. शिसं, कॅडमियम मातीत उतरतं ते वेगळंच. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यात जुन्या मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी कंपनीवरच टाकलीय. म्हणून ज्या कंपनीचा फोन तिच्या वेबसाइटवर ई-कचऱ्याचं पान बघा, कलेक्शन सेंटर नाहीतर टोल फ्री नंबर मिळतो. जाण्याआधी फोन करून विचारा, उन्हात हेलपाटा नको.

नवी_पेठ_रिपेअर:
मी रिपेअरिंगचंच काम करतो. फुगलेल्या बॅटरीचं आधी बघा, बाकीचं नंतर. आत गॅस झालाय, चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवू नका, टाचणी तर अजिबात मारू नका, पेट घेते. कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात सावलीला ठेवा, आपल्याकडचा उन्हाळा माहितीये तुम्हाला. आणि घंटागाडीत तर टाकूच नका, कचरा दाबताना बॅटरी चेपली की आग लागते, गाडीवरच्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे तो.
चालू फोनमधलं सिम, मेमरी कार्ड काढा, फोटो उतरवून घ्या, सेटिंगमधनं गुगल अकाउंट काढा आणि मग रिसेट मारा. अकाउंट न काढता रिसेट मारलं तर पुढच्याला फोन तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो.

होटगी_रोडकर:
लई उपयोगी माहिती. मग जो चालूच होत नाही त्याचं काय?

नवी_पेठ_रिपेअर:
दुसऱ्या फोनवरनं गुगल अकाउंट उघडा, तिथं डिव्हाइसच्या यादीत तो दिसेल, साइन आउट करा. फोटो हवे असतील तर देण्याआधी कुणा ओळखीच्या रिपेअरवाल्याला दाखवा, कधीकधी नुसती बॅटरी बदलली तरी चालू होतो.

विडी_घरकुल:
आणि बटणाचे चालू असतील तर ते मोडीत कशाला, गावाकडं कुणाला बोलण्यापुरता लागतोच की.