कॅमेऱ्याचं ओझं कसं उतरवलंत? अनुभव सांगा

धागाकर्ती

गेल्या जानेवारीत हंपीला विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथासमोर उभी होते आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना. पहाटे मातंग टेकडी चढून झाली होती, मग नदीकाठाने चालत इथवर. ज्या फोटोसाठी सगळं वाहून आणलं, तो शेवटी नवऱ्याने मोबाइलवर काढला. खोटं कशाला बोलू, बरा आलाय.

घरी आल्यावर लाडवांचं बेसन मोजते त्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. निकॉन डी७२०० बॅटरी-कार्डासकट ७६५ ग्रॅम. १८-१४० लेन्स ४९०, लांबचं जवळ आणणारी ७०-३०० वाली ७४५, छोटी ३५ची २००. झाले २,२००. एवढ्याने खांदा धरतो? मग बाकीचं ठेवलं. रिकामी बॅग १,४५०, ट्रायपॉड १,६००, चार्जर-फिल्टर-पाऊच मिळून ४००. म्हणजे नवरदेवापेक्षा वऱ्हाडच जड! त्यात आठशे फोटोंपैकी ७०-३००ने काढलेले अकरा, आणि ट्रायपॉड एकदाच उघडला, तोही रखवालदाराने लगेच मिटायला लावला.

तर काय सोडलंत, काय घेतलंत, कशाचा पस्तावा झाला ते लिहा. ‘मोबाइल पुरतो’ एवढंच लिहून पळू नका. कुठे पुरला तेही सांगा.

पाणपक्षी

मी दर हिवाळ्यात भिगवणला जातो. १५०-६०० लेन्स होती, नुसती तीच १,९३० ग्रॅम. उजनीच्या पाण्यात होडी थांबवायची आणि रोहित पक्ष्यांचा थवा उठेल म्हणून अडीच-पावणेतीन किलो डोळ्याशी धरून बसायचं. थवा उठतो तेव्हा हात थरथरत असतो. डाव्या कोपराला टेनिस एल्बो झाला, जन्मात रॅकेट न धरता.

सगळं विकून मायक्रो फोर थर्ड्स जातीच्या छोट्या कॅमेऱ्यावर आलो. चित्र टिपणारा सेन्सर लहान, त्यामुळे ३०० मिमीची लेन्स मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या ६०० इतकं जवळ आणते. माझी १००-३०० आहे ५२० ग्रॅमची. होडीत एका हाताने धरतो, दुसऱ्या हातात नावाड्याने दिलेला चहा. आता फुकट काही नाही. आधीच्या मधल्या सेन्सरच्या (क्रॉप) कॅमेऱ्यावर ६००चे ९०० व्हायचे, ते गेले. उजाडायच्या आधी आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवणारा आकडा, ३२००च्या वर चढला की पिसं पिठात बुडवल्यासारखी दिसतात. वर्षभर हळहळलो. मग लक्षात आलं की अंधारातले ते जुने फोटोही मी कधी कुणाला दाखवले नव्हते.

मालीशवाली नव्हे, फिजिओ

धागाकर्ती ताई, आधी एक. हात वर जात नसेल तर दोष कॅमेऱ्याचाच असेल असं नाही. चाळिशी-पन्नाशीत, त्यातही मधुमेह असेल तर, फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो. दाखवून घ्या, मग लेन्स विका.

बाकी माझ्याकडे येणाऱ्या हौशी मंडळींचं सारखंच असतं. कंपनीचा पट्टा गळ्यात. वजन पुढे लोंबतं आणि मान दिवसभर ते मागे ओढत राहते. तोच कॅमेरा तिरक्या पट्ट्याने कमरेशी आला की निम्मी तक्रार जाते. एका खांद्याची बॅग असेल तर तासातासाने बाजू बदला. आणि पाठीवरच्या बॅगेचा कमरेचा पट्टा लोंबत ठेवायला दिलेला नसतो, तो आवळा. भार खांद्यावरून कमरेच्या हाडांवर उतरतो. फोटो काढताना कोपरं बरगड्यांना टेकवा. कोंबडीसारखी पसरली की तोच कॅमेरा दुप्पट जड.

कातळवेडा

नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला तेव्हा कॅमेरा बॅगेत होता, म्हणजे घरीच होता म्हणा. त्या घळीत दोन्ही हात कातळाला लागतात. थांबा, बॅग उतरवा, चेन उघडा, तोवर मागचे चार जण खोळंबतात आणि वरून कुणीतरी ‘दगड!’ म्हणून ओरडतं. पूर्ण चढाईत तीन फोटो.

आता कॅनन २००डी आणि ४०ची चपटी लेन्स, दोन्ही मिळून सहाशेच्या आत. बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्यावर क्लिप बसवलीय, कॅमेरा छातीशी. लोंबत नाही, कातळावर आपटत नाही. कोकणकडा ४०मध्ये मावत नाही हे खरं. कॅमेरा उभा धरून डावीकडून उजवीकडे सात-आठ फोटो घेतो आणि घरी जोडतो. एका फोटोत जास्त मावणारी वाइड लेन्स घ्यायची इच्छा दर पावसाळ्यात होते, दिवाळीपर्यंत जाते.

चष्मेवाला

पस्तावा विचारलात म्हणून. हलकं हवं म्हणून खिशात मावणारा कॅमेरा घेतला, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नसलेला. जैसलमेरला सम गावच्या वाळूत दुपारी स्क्रीनवर माझंच तोंड दिसत होतं. सावलीत गेलो तर चाळिशीचा चष्मा लागला, लांबचा उंट पाहायचा तर काढावा लागला. घाल-काढ, घाल-काढ. उंट गेला.

व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारकं चाक असतं, ते फिरवून आपल्या नंबराला जमवता येतं. मग चष्म्याविना सगळं स्वच्छ. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण विकणारा पंचविशीचा असतो. तो कॅमेरा तोट्यात काढला आणि कॅनन आर१० घेतला, ४२९ ग्रॅम. पन्नाशीला आलेल्यांनो, शंभर ग्रॅम वाचवायला डोळे गहाण ठेवू नका.

जिप्सीतला

माझं उलटं मत. ताडोबाच्या सफारीत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे ‘फोन पुरतो’वाल्यांची बोलती तिथे बंद. मी जड लेन्सच नेतो, तीही भाड्याने, कारण वर्षातून दोनदाच लागते. वजन जिप्सी वाहते, मी नाही! युक्ती एकच. बीनबॅग घरून रिकामी न्यायची, जंगलाच्या दाराशी मोहर्लीला पोचल्यावर दुकानातून तांदूळ घेऊन भरायची. जिप्सीच्या दांडीवर ठेवली की लेन्स हलत नाही. परतताना तांदूळ होमस्टेच्या काकूंना.

ज्यांना विकत घ्यायचंय त्यांच्यासाठी: निकॉन पी९०० जुना झाला, पण ८९९ ग्रॅममध्ये २००० मिमीपर्यंत झूम. संध्याकाळी मात्र फोटोत वाघ कमी आणि रवाळ दाणे जास्त दिसतात.

कासची ताई

मोबाइल पुरला तो कासला. सीतेची आसवं, दवबिंदू ही फुलं नखाएवढी. फोनचा सेन्सर इवलासा असल्याने जवळूनही बरंचसं फूल शार्प येतं, मोठ्या कॅमेऱ्यात एक पाकळी शार्प आणि बाकी धुकं. शिवाय कडेवर पोर होतं, सासूबाईंचा हात धरायचा होता. तिसरा हात कुठून आणू?

ठाण्याचा गिर्यारोहक (हौशी)

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चाल सुरू होते त्या लुक्लाच्या छोट्या विमानात एकूण १५ किलोच्या आसपास मुभा असते. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा हलका म्हणून नेला, पण तो बॅटऱ्या खातो, आणि थंडीत तर मटकावतोच. चार बॅटऱ्या नेल्या, रात्री मोज्यात घालून स्लीपिंग बॅगेत. जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या सामानातच ठेवायच्या, चेक-इनमध्ये नाही.

धागाकर्ती

फिजिओ ताई, दाखवून आले. फ्रोझन शोल्डरच निघाला, साखरही थोडी वर. कॅमेरा उगाच बदनाम झाला, तरी लवाजमा कमी केलाच. डी७२०० ठेवलाय, सोबत फक्त १८-१४०, तिरका पट्टा, आणि कॅमेरा कापडी पिशवीत जुन्या शालीत गुंडाळून. काट्यावर १,४२०. नवऱ्याने लगेच आपली पाण्याची बाटली त्यात सरकवली.

ट्रायपॉड विकायचा आहे. १,६०० ग्रॅम, एकदाच उघडलेला. कुरिअरने पाठवणार नाही, येऊन उचलून न्या.