मदत हवी आहे: मे महिन्यातलं लग्न, सावळी नवरी. मेकअप पांढराफटक दिसू नये म्हणून काय काय टाळू?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात सोलापुरातच आहे, होटगी रोडच्या एका कार्यालयात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. मे महिन्यातलं सोलापूर ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४२-४३ च्या घरात आणि वर शूटिंगवाल्यांचे दिवे.

साखरपुड्याचा मेकअप पार्लरमध्ये केला होता. समोरून ठीक वाटला. फोटो आले तेव्हा आई काही बोललीच नाही. चेहरा राखाडी-पांढरा, मान आणि कान सावळे, डोळ्यांखाली दोन पांढरे गोल. बहीण सावळी आहे आणि फार गोड दिसते. त्या फोटोत ती ओळखूच येत नाही. तिनं त्यातला एकही फोटो कुणाला पाठवला नाही, याचं मला खूप वाईट वाटतंय.

लग्नाचा मेकअप मी करणार आहे. चुलत-मावस बहिणींचा करते मी, पण संध्याकाळच्या कार्यक्रमांना. भर दुपारी, नऊवारी, मुंडावळ्या, अक्षता, मग पंगतीत फिरणं, एवढं सगळं टिकेल असा कधी केला नाही. तिला गोरं करायचं नाहीये, तिच्याच रंगात ती उठून दिसायला हवी. चेहरा पांढरा का पडतो, घामानं थर का फाटतो आणि कुंकू कसं टिकवायचं, हे अनुभवी लोकांनी सांगाल का?

रंगरेषा:
माहेर जुळे सोलापूर, आता पुण्यात ब्रायडल मेकअप करते. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण माझ्याकडे बहुतेक घरून ‘दोन शेड उजळ करा’ असंच सांगून पाठवतात. चेहरा राखाडी पडतो तो तिथूनच. सावळ्या कातडीवर फिकं फाउंडेशन लावलं की ती उजळत नाही, राख फासल्यासारखी दिसते.

फोटोतल्या पांढरेपणाचं आणखी एक कारण असतं. एसपीएफ (उन्हापासून संरक्षण) असलेल्या फाउंडेशनमध्ये बऱ्याचदा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं आणि ‘एचडी’ म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या पावडरीत सिलिका. हे सगळं फ्लॅशचा उजेड परत फेकतं. आरशात काही दिसत नाही, फोटोत दिसतं. म्हणून ट्रायलच्या दिवशी खोलीत अंधार करून मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. चोरी तिथेच पकडली जाते. पावडर पांढरी नको, तिच्या रंगाची किंवा किंचित पिवळसर घ्या.

शेड निवडताना नवी पेठेतल्या दुकानात ट्यूबलाइटखाली मनगटावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला, मानेपर्यंत तीन शेडचे पट्टे ओढा, दुकानाबाहेर उन्हात या आणि पंधरा मिनिटं थांबा. बरीच फाउंडेशन हवा लागली की गडद होतात. नंतर जो पट्टा दिसेनासा होईल तो तिचा.

डोळ्यांखालचे पांढरे गोल म्हणजे काळेपणावर थेट फिका कन्सीलर (डाग झाकणारं क्रीम). आपल्याकडच्या काळेपणात निळसर-तपकिरी छटा असते. आधी ती छटा मारणारा नारिंगी करेक्टर अगदी नखभर, मग तिच्याच शेडचा कन्सीलर.

आता घाम. प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) आणि फाउंडेशन एका जातीचं असू दे. घटकांच्या यादीत सुरुवातीलाच डायमेथिकोन असेल तर ते सिलिकॉनचं. त्यावर पाण्याचं फाउंडेशन लावलं तर ते घसरतं, गोळे होतात. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन मुरायला वेळ द्या. घाईत एकावर एक थापलेलं हमखास फाटतं. उन्हाळ्यात जाड थर जास्त टिकतो असं वाटतं, पण टिकतो पातळच. एक हात लावा, ओल्या स्पंजनं दाबून बसवा, टिश्यूनं टिपा, लागेल तिथेच दुसरा हात. पावडर कपाळ, नाक, हनुवटी एवढ्यावरच. आणि करवलीला आधीच सांगून ठेवा, घाम पुसायचा नाही, टिश्यूनं दाबून टिपायचा. घामावर पावडर तर मुळीच नको, खपल्या धरतात.

अंगणवेल:
कुंकवाचं मी सांगते. आमच्या आजीच्या काळी कपाळाला आधी मेण लावायचे, मग त्यावर कोरडं कुंकू. ओलं कुंकू घामाबरोबर नाकावर उतरतं, मेणावरचं बसून राहतं. त्या जागी फाउंडेशन टिपून काढा आणि मग मेण लावा. टिकली लावणार असाल तर कपाळ खाजतंय का, पांढरं पडतंय का ते आत्ताच बघून ठेवा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल या रसायनामुळे कायमचे पांढरे डाग पडू शकतात.

औषधीवाला:
मेडिकल दुकान चालवतो. लग्न ठरलं की मुली ‘गोरं करणारी’ मलमं मागायला येतात, म्हणून लिहितो. त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं. थोडे दिवस चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरमं आणि लव येते, आणि मलम सोडलं की सगळं दुपटीनं उसळतं. ऐन लग्नात हे झालं तर कुठलाच मेकअप झाकू शकत नाही. बहिणीला कुणी असं सुचवलं तर लावू देऊ नका ताई, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

तसंच फेशियल, ब्लीच आदल्या दिवशी नको. आठवडाभर आधी उरका. काळी मेंदी अजिबात नको, त्यात बहुतेकदा पीपीडी हे केस रंगवायचं रसायन असतं, फोड येऊ शकतात. काजळ आणि मस्कारा तिचा स्वतंत्र ठेवा. घरात पाहुण्यांची गर्दी असते, एकच काजळ सगळ्या वापरतात आणि डोळे येतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल ट्रायल केली. अंधारातला फ्लॅशचा फोटो काढला, आमची जुनी पावडर लगेच सापडली, ती बाद. नवी शेड गच्चीवर उन्हात बघून घेतली. साखरपुड्याला लावलेल्या शेडपेक्षा बरीच गडद निघाली. आई आधी नाराज होती, फोटो बघितल्यावर ‘आता आपली पोर दिसली’ म्हणाली. बहिणीनं तो फोटो स्वतःहून मैत्रिणींना पाठवला!

एकच अडचण राहिली. हळद आदल्या संध्याकाळी आहे. आमच्याकडं काकवा-माम्या हात आखडता घेत नाहीत. चेहरा, मान पिवळी राहिली तर ही शेड जुळेल का?

रंगरेषा:
नाही जुळणार. बरं झालं आत्ता विचारलंत. हळदीचा रंग पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतो. आधी साबण किंवा स्क्रबनं घासलं तर चेहरा लाल होतो आणि पिवळा तसाच राहतो. हळद वाळायच्या आत पुसून घ्या, मग चेहरा, मान, कानामागे हलकं तेल चोळून मऊ कापडानं टिपा, त्यानंतर फेसवॉश. मुरमं येत असतील तर खोबरेल टाळा, क्लिन्झिंग बाम वापरा. हळदीआधी चेहऱ्याला मॉइश्चरायझरचा हात दिला तर रंग कमी धरतो.

माम्यांना सांगायला वाईटपणा वाटेल, पण चेहऱ्याला बोटभर आणि बाकी हातापायांना हवी तेवढी, असं आईकडून सांगवा. तरी छटा राहिलीच तर थोड्या जास्त पिवळसर अंडरटोनची (आतल्या छटेची), तितकीच गडद फाउंडेशनची छोटी बाटली जवळ ठेवा आणि सकाळी मानेशी जुळवून दोन्ही मिसळा. कान आणि गळ्यालाही तोच हात फिरवा.