वेताळवाडी-जंजाळा भटकंतीची शिदोरी: खोबरेल तेलाच्या वड्या की डिंकाचे लाडू?

पूर्णाकाठ, परभणी

नमस्कार मंडळी. पौषात आम्ही चौघं सोयगावकडं जायलोत. पहिल्या दिवशी हळदा घाटाकडून वेताळवाडीचा किल्ला, दुसऱ्या दिवशी जंजाळा अन् घटोत्कच लेणी, जमलं तर नायगावचा सुतोंडा किल्ला. गावात चहा-पोहे मिळतील, वर मात्र काहीच नाही. म्हणून दिवसाचं खाणं पाठीवर न्यायचंय अन् वजन कमी ठेवायचंय.

आमच्यातला एकजण जिमला जातो. त्यानं मोबाईलवरून एक कृती आणली: ओट्स, खजूर, कोको पावडर अन् वाटीभर खोबरेल तेल, सगळं कालवून फ्रिजमध्ये थापायचं अन् वड्या पाडायच्या. त्याचं म्हणणं, खोबऱ्याचं फॅट इतर तेलांसारखं नसतं, ते थेट यकृतात जाऊन ताकद होतं, अंगावर चढत नाही, वरून हृदयालाही चांगलं. आमच्या आईनं ऐकलं अन् म्हणाली, "डोक्याला लावायचं तेल खायलात का रे?" तिचा हट्ट डिंकाच्या लाडवांचा.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. त्या वड्या डोंगरात टिकतील का? खोबऱ्याच्या फॅटबद्दल तो बोलतो त्यात तथ्य किती? अन् आमच्यातले एक काका कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, त्यांनी काय खावं?

घाटमाथा, कन्नड

भाऊ, पहिल्याचं उत्तर मी देतो, बाकीचं जाणत्यांनी द्यावं.

खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. अजिंठ्याच्या डोंगरात पौषात पहाटे १०-१२ अंशांपर्यंत उतरतं अन् दुपारी कातळावर उन्हात ३० च्या पुढं जातं. म्हणजे सकाळी वडी दगड, दात लागणार नाही, अन् दुपारी सॅकमध्ये कोकोचं कालवण. ज्यांनी ही कृती लिहिली त्यांच्याकडं दुपारी २४ अंश होतच नसतील. उन्हाळ्यात अंतूर किल्ल्यावर नेली तर चमचा सोबत घ्या. वडी बांधायला आपला गुळाचा पाक बरा, तो ४० अंशांतही आकार सोडत नाही. चिक्कीला कागद चिकटतो तेवढाच त्रास.

वजनाचं म्हणाल तर तुमच्या मित्राचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ किलोकॅलरी, साखर-पिठात ४. १०० ग्रॅम सुक्या खोबऱ्यात साधारण ६६०, शेंगदाण्यात अन् तिळात ५७० च्या आसपास, गुळात ३८०. उलट चपाती-भाजी म्हणजे अर्धं पाणीच वाहायचं. सॅक घेऊन चढ-उतार करताना तासाला ३५० ते ५०० किलोकॅलरी सहज जळतात, त्यामुळं तेलकट दाणा कमी वजनात जास्त काम देतो हे खरंच.

पण सगळं तेलकट नेऊ नका. चढावर श्वास लागला की शरीर साखर मागतं, फॅट नाही. निवांत सपाटीवर फॅट जळतं, हळदा घाटातून वर निघालात की स्नायूंतला साखरेचा साठा वापरला जातो. तो साठा जेमतेम ४००-५०० ग्रॅमचा. तो संपला की पाय जड होतात, डोकं चिडचिडं होतं अन् माणूस उगाच सोबत्यांशी भांडतो. तेव्हा खजूर, गूळ, राजगिऱ्याची वडी. फॅट पोटात रेंगाळतं म्हणून ते सकाळी निघताना अन् मुक्कामावर.

धपाटे पहिल्या दिवसापुरतेच न्या. दही अन् कोथिंबीर असली की दुसऱ्या दुपारी वास मारतात. दुसऱ्या दिवसाला दुधात भिजवलेल्या दशम्या अन् कोरडी शेंगदाण्याची चटणी, मीठ थोडं चढं. मीठ विसरू नका. दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी प्यायलं की डोकं गरगरतं, लोक त्याला अशक्तपणा समजून आणखी गोड खातात. सुतोंड्यावर कातळात खोदलेली टाकी भरपूर आहेत, पण ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

आहारवाली, लातूर

मी आहारतज्ज्ञ आहे. हा "थेट यकृतात" वाला प्रश्न आठवड्याला एकदा तरी येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॅट वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांनी बनतं. ८ अन् १० कार्बनच्या साखळ्या मध्यम गटातल्या आखूड. त्या आतड्यातून सरळ यकृताकडं जातात, लवकर जळतात. बाजारात एमसीटी (मध्यम साखळीचं फॅट) तेल म्हणून जे मिळतं ते मुख्यतः ह्यांचंच. तुमच्या मित्रानं जे ऐकलंय ते ह्या तेलाचं गुणगान आहे, खोबरेलचं नाही. खोबरेल तेलात ह्या दोन साखळ्या मिळून जेमतेम १३ ते १५ टक्के. जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा, १२ कार्बनचा. कागदावर तेही मध्यम साखळीत मोडतं, पण शरीरात त्याचा बराचसा भाग लांब साखळ्यांसारखाच यकृत टाळून, लसिकेच्या (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नळ्यांतल्या द्रवाच्या) वाटेनं रक्तात येतो. जाहिरात करणारे नेमकं हेच गाळतात. १३ टक्क्यांचे गुण १०० टक्क्यांना चिकटवले की बाटली महाग विकता येते.

अन् खऱ्या एमसीटीनं तरी डोंगर चढायला मदत होते का? सायकलपटूंना ते मोठ्या मात्रेत देऊन पाहिलंय. पोटात कळा आल्या अन् वेग घटला. घटोत्कच लेण्याच्या वाटेवर असलं काही झालं तर काय कराल?

आता हृदयाचं. खोबरेल तेलात ८० टक्क्यांच्या वर संपृक्त फॅट, म्हणजे थंडीत गोठणारं, कोलेस्टेरॉल वाढवणारं फॅट. तुपात ६० च्या आसपास, शेंगदाणा तेलात १७-१८, अन् आपल्या करडईत ७-८. तुम्ही तर परभणीचे. तुमच्याच कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' ही करडईची जात दिलीय, अन् तुम्ही केरळच्या तेलामागं लागलात! २०१७ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं खोबरेल तेल टाळा असाच सल्ला दिला. २०२० मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलनं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम वाढलेलं दिसलं. चांगलं एचडीएलही ४ नं वाढलं, पण त्यानं भरपाई होते असं धरून चालता येत नाही.

म्हणजे खोबरं विष आहे का? मुळीच नाही. सुकं खोबरं अन् खोबरेल तेल ह्यांत मी फरक करते. खोबऱ्याच्या वाटीत तंतू असतात, थोडी प्रथिनं असतात, ते चावावं लागतं, पोट भरतं. तेल चहात ओतून पिण्याचं फॅड आलंय ते मला पटत नाही. एका मोठ्या चमच्यात, १४ ग्रॅममध्ये, ११-१२ ग्रॅम संपृक्त फॅट. दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सुमारे २२ ग्रॅमची. दोन चमच्यांत कोटा संपला.

आईच्या लाडवांचा हिशोब करून देते. खोबरं, खारीक पूड, शेंगदाणे अन् तीळ प्रत्येकी पाव किलो, गूळ २०० ग्रॅम, डिंक अन् तूप ५०-५० ग्रॅम. ह्याचे ४० ग्रॅमचे बत्तीसेक लाडू होतात. एकात २०० किलोकॅलरी अन् सहा-साडेसहा ग्रॅम संपृक्त फॅट. डोंगर चढणाऱ्या तरुणाला दिवसात तीन-चार लाडू काहीच जड नाहीत, त्या दिवशी त्याचं एकूण खाणंही जास्त असतं. काकांनी एकावर थांबावं, बाकी शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे, खजूर. त्यांच्या लाडवांत निम्मं खोबरं काढून भाजलेलं जवस कुटून घाला. दोन दिवसांच्या खाण्यानं त्यांचा रिपोर्ट बिघडणार नाही, रोजचं जेवण बघा. गोळी मात्र सहलीतही चुकवायची नाही.

कोकणची लेक, बीडची सून

ताई, एक शंका. माझं माहेर रत्नागिरीकडचं. आमच्याकडं आमटीत, भाजीत, सोलकढीत सगळीकडं नारळ. आजी नव्वदीत गेली, शेवटपर्यंत अंगण झाडत होती. मग हे एलडीएल-बिलडीएल तिला का लागू नाही? इथं सासरी खोबरं फक्त काळ्या मसाल्यात भाजून घालतात, तरी बीपी-शुगर घरटी आहे.

आहारवाली, लातूर

शंका रास्त आहे. तुमच्या आजींसारखी अख्खी बेटं अभ्यासली गेलीत. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ बेटांवरचे लोक जवळपास ६० टक्के ऊर्जा नारळातून घ्यायचे. त्यांचं कोलेस्टेरॉल त्याच महासागरातल्या पुकापुका बेटावरच्या लोकांपेक्षा जास्त निघालं, कारण पुकापुकावर नारळ कमी खायचे. हृदयविकार मात्र दोन्हीकडं फारसा नव्हता. पण ते मासे खायचे, दिवसभर राबायचे, साखर-मैदा नावाला. त्यातून एवढंच कळतं की तसं आयुष्य असेल तर नारळ पचतो. नारळ हृदय राखतो असं नाही कळत. अन् कोकणात ओला नारळ खातात, त्यात निम्मं पाणीच. बाटलीतलं तेल गटागटा कोण पितं तिथं?

बीडच्या बीपीचा दोष मात्र मी करडईला देणार नाही. भजे, शेव, पाम तेल अन् बसून राहणं, ह्यावर वेगळा धागा काढा.

पूर्णाकाठ, परभणी

ताई, दादा, मोठं काम झालं. मित्राला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो, ठीक आहे, वड्या रद्द, पण लाडवात तुपाऐवजी खोबरेल घालू, चव छान येते. अन् आईनं किराणा दुकानातून खोबरं आणलंय त्यातल्या दोन वाट्यांना आतून हिरवट डाग आहेत. खरवडून वापरू का?

आहारवाली, लातूर

डाग पडलेल्या वाट्या फेकून द्या. खरवडून चालत नाही, बुरशीचं विष डागापुरतं थांबत नाही अन् भाजल्यानंही नीट जात नाही. चांगली वाटी वरून तपकिरी, आतून पांढरी स्वच्छ असते अन् मोडताना कडक आवाज येतो. चाखून पाहा. साबणासारखी चव आली तर ओल लागून फॅट फुटलंय, तीही नको.

तुपाऐवजी खोबरेल घालायचं तर घाला, ५० ग्रॅमनं एका लाडवात अर्ध्या ग्रॅमचाही फरक पडत नाही. फक्त डिंक फुलवायला ते नीट तापवा अन् धूर निघायच्या आत डिंक काढा. डिंक आतून कच्चा राहिला तर चावताना दाताला चिकटतो. पण आईला विचारून, स्वयंपाकघर तिचं आहे.

घाटमाथा, कन्नड

एवढं राहिलं होतं: लाडू स्टीलच्या डब्यात न्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको. तिकडची वानरं पिशवीचा आवाज ओळखतात. अन् डबा सॅकच्या तळाला नको, वरच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर भूक लागून जाते पण कोणी सॅक उघडत नाही. दर तासा-दीड तासाला थोडं थोडं खा. वेताळवाडीला चढ सुरू व्हायच्या आधी एक लाडू अन् दोन घोट पाणी, मग निघा. जंजाळ्याच्या दिवशी ऊन चढायच्या आत घटोत्कच लेणं उरका.