रविवारच्या स्नेहभोजनातील हलाल पदार्थ : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

अ २०४ : सर्वांना नमस्कार. रविवारच्या स्नेहभोजनाला प्रत्येक घरातून एक पदार्थ यायचा आहे. आपल्याकडे काही घरांत हलालच खाल्ले जाते आणि मागच्या वेळी त्या मंडळींनी नुसत्या काकड्या-टोमॅटोवर वेळ मारून नेली, हे यजमान म्हणून आपल्याला शोभत नाही. ब ५०३ मधील आपांना विनंती की, आम्ही काय सांभाळायचे ते त्यांनी सविस्तर लिहावे. हलाल म्हटले की आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर तेलाचा तवंग आलेली बिर्याणी उभी राहते, हेही प्रांजळपणे सांगते.

ब ५०३ : ताई, विचारलेत हे फार बरे केलेत. तुमच्या घरचे वरण-भात, थालीपीठ, भरली वांगी, मटकीची उसळ हे सारे आम्हाला चालते, त्यासाठी निराळे काही शिकण्याची गरज नाही. वर्ज्य आहे ते डुकराचे मांस, रक्त, आपोआप मेलेल्या जनावराचे मांस आणि मद्य. मटण किंवा कोंबडी असेल, तर ती अल्लाहचे नाव घेऊन, धारदार सुरीने गळा कापून, रक्त वाहून जाऊ देऊन जबह केलेली हवी. म्हणजे निम्मी जबाबदारी दुकानदाराची आणि उरलेली आपली. मासळीला मात्र जबह लागत नाही, म्हणून पाहुण्यांची पंगत मिश्र असेल तेव्हा मी डोळे झाकून बांगडा करते.

आमच्या रत्नागिरीकडच्या घरांत बांगड्याच्या कालवणात तेल नावालाच असते. ओले खोबरे वाटून पहिले दाट दूध वेगळे ठेवायचे, त्याच खोबऱ्यात पाणी घालून दुसरे पातळ दूध काढायचे आणि त्यात हळद, बेडगी मिरची, धणे व लसणाचे वाटण घालून मंद आचेवर उकळी आणायची. तिरफळे बिया काढून किंचित ठेचून घालायची, वाटायची नाहीत, नाहीतर कडवटपणा येतो. बांगड्याचे तुकडे शिजत आले की आमसुले टाकायची आणि अगदी शेवटी दाट दूध ओतून लगेच आच बंद करायची. त्यानंतर ते खळखळ उकळले तर दूध फुटते आणि कालवणाचे रूप जाते. नीट जमले तर रंग केशरी-गुलाबी येतो आणि वर हिरवी कोथिंबीर पडली की पाहूनच भूक लागते.

अ ७०१ : आपा, तुमच्याकडे सांदण करतात असे ऐकले आहे. आमच्या राजापूरकडे सांदण म्हणजे फणसाच्या रसात तांदळाचा रवा घालून वाफवलेला पिवळाधमक गोड पदार्थ. तुमचे तेच का?

ब ५०३ : नाही काकू, आमचे सांदण पांढरेशुभ्र असते आणि ते मटणाच्या रश्श्याबरोबरही खातात. तांदूळ चार-पाच तास भिजवून ओल्या खोबऱ्याबरोबर आणि मूठभर शिजलेल्या भाताबरोबर वाटायचे, यीस्ट आणि चमचाभर साखर घालून फुगू द्यायचे आणि तेलाचे बोट फिरवलेल्या छोट्या वाट्यांत वाफवायचे. गोव्यात सान्नांच्या, म्हणजे तिथल्या वाफवलेल्या तांदळाच्या पदार्थाच्या, पिठात माडाची सूर (माडी) घालतात, ती मादक असल्याने आमच्या स्वयंपाकघरात चालणार नाही, म्हणून मी यीस्ट वापरते. जाळी तितकीच छान पडते. तुमचे फणसाचे आणि माझे पांढरे असे दोन्ही सांदण एका ताटात मांडले तर ते ताट किती देखणे दिसेल!

क १०३ : एक नम्र सूचना. आपांच्या घरी शाफई पंथ आहे आणि आमचे मूळ लखनौकडचे घर हनफी (दोन्ही सुन्नी मुस्लिमांचेच, पण खाण्याचे काही नियम वेगळे), त्यामुळे त्यांच्याकडे चालणारे खेकडे आणि तिसऱ्या (शिंपले) आमच्याकडे चालत नाहीत. कोळंबीबाबत आमच्यात मतभेद आहेत, तरी आमच्या घरी ती खाल्ली जाते. बांगडा, पापलेट, सुरमई यांबद्दल कोणाचाच प्रश्न नाही. प्रत्येक भांड्यापुढे पदार्थाचे नाव लिहून ठेवल्यास कोणालाही विचारत बसावे लागणार नाही.

अ ३०२ : सूचना उत्तम आहे. माझा प्रश्न आरोग्याचा. घरात मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, तेव्हा मटणाचे काय करावे?

ब ५०३ : काका, मटण हवेच असेल तर यखनी करावी. हाडांसह मटण, आले, लसूण, कांदा, दालचिनी आणि बडीशेप घालून शिजवावे, वर येणारा फेस काढावा आणि गाळलेले पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी चरबीचा थर वर घट्ट झालेला असतो, तो चमच्याने सरळ उचलून टाकता येतो. मग त्यातच थोडा तांदूळ आणि भरपूर गाजर-मटार शिजवावेत. मिठाचे म्हणाल, तर दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतच मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सारा मिळून एक चहाचा चमचा. त्यात लोणचे आणि पापडही आले. चव मिठावर न सोडता लिंबू, पुदिना आणि आमसुलावर सोडली, तर मला तरी काही कमी वाटत नाही. शिवाय पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा ही शिकवण हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच, आहे. दावतीत ती कोण पाळतो, हा भाग वेगळा.

अ २०४ : मुलांना हॉटेलसारखे लालभडक तंदुरी हवे असते, त्याचे काय?

ब ५०३ : रंगाची डबी मी घरात आणत नाही. कर्नाटक सरकारने २०२४ साली कबाब आणि गोबी मंच्युरियनमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, हे आपण बातम्यांत वाचले आहेच. काश्मिरी मिरची भिजवून वाटली आणि दह्याचे पाणी पूर्ण टांगून काढले, तर कोंबडीला पुरेसा लाल रंग चढतो. वरून पातळ चिरलेला कांदा लिंबात चुरून आणि डाळिंबाचे दाणे पेरून दिले, तर मुले रंगाची तक्रार करत नाहीत.

गोडाच्या बाबतीत मात्र वेष्टन वाचावेच लागते. जेली आणि मार्शमेलोमध्ये बहुधा जिलेटिन असते आणि ते जनावराच्या कातडी-हाडांपासून निघते. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात ते नसते, त्यामुळे तो ठिपका आम्हालाही उपयोगी पडतो, पण व्हॅनिलासारख्या अर्कात मद्यार्क आहे का हे तो सांगत नाही. व्हॅनिलाऐवजी वेलची किंवा केवड्याचे पाणी घालावे आणि जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरावे. चायना ग्रास समुद्रशैवालापासून होते, उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवून कोमट दुधात मिसळले की फ्रिजबाहेरच घट्ट होते, आणि काचेच्या भांड्यात खाली आंब्याचा रस, वर पांढरे दूध असे दोन थर दिले तर कापताना सुंदर दिसते.

अ ७०१ : मग मी फणसाचे सांदण आणते. भांडी निराळी लागतील का?

ब ५०३ : स्वच्छ घासलेली कोणतीही भांडी आमच्या घरी चालतात. बांगडा आणि पांढरे सांदण मी आणते. प्रत्येक पदार्थाला वेगळा डाव ठेवावा, आणि ज्यांनी मांसाहारी पदार्थ करायचे ठरवले आहे त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे मटण-कोंबडी एकाच दुकानातून एकत्र मागवता येईल.